कळंब, शिवनेरी, वाफगाव: धान्याच्या मापाने मोजलेले सरदार

पुण्याहून नाशिकला जाताना मंचर ओलांडलं की नारायणगावच्या अलीकडे कळंब लागतं. आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीच्या खोऱ्यातलं गाव. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. मी मात्र मुद्दाम थांबलो होतो. एका परिचितांच्या नातेवाइकांकडे मुक्काम होता. घरामागे कांद्याची चाळ, तिच्यापलीकडे ऊस, आणि ओसरीवर बाजरीची पोती लावून ठेवलेली. मला जुन्नरचा प्रदेश एका प्रश्नासाठी पाहायचा होता: सरदार म्हणून जगणं म्हणजे नेमकं काय होतं?

हा प्रश्न माझ्या मनात जपानमध्ये आला. काही वर्षांपूर्वी मी कानाझावा शहरात गेलो होतो. तिथे मायेदा घराण्याचा किल्ला आहे. प्रचंड दगडी तट, शिशाच्या कौलांमुळे पांढुरकी दिसणारी छपरं, आणि समोर पिढ्यान्‌पिढ्या फुलवत नेलेली केनरोकुएन ही बाग. जपानी सरदाराला तिथे दाइम्यो म्हणत. त्याची पत मोजली जाई ती धान्यावर. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, सुमारे दीडशे किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा. ज्याच्या मुलखाचं उत्पन्न दहा हजार कोकूंपेक्षा कमी, तो दाइम्यो नव्हे. मायेदांचा कागा प्रांत दहा लाख कोकूंच्या वर होता. देशाची सत्ता हाती असलेलं तोकुगावा घराणं सोडलं तर एवढा मोठा सरदार त्या देशात दुसरा नव्हता.

कळंबच्या ओसरीवर बसून हे सांगितलं तेव्हा घरातल्या वयोवृद्ध आबांना त्यात नवल वाटलं नाही. ते म्हणाले, “आमच्याकडं तरी काय निराळं होतं? वाड्यात पेवं होती. ज्याच्या पेवात दाणा, त्याच्या दारात माणूस.” पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. आबांनी लहानपणी त्यातलं एक रिकामं, अर्धवट बुजलेलं पेव पाहिलं होतं. सकाळी निघताना त्यांनी बजावलं, “पाव्हणं, ऊन चढायच्या आत गडावर पोचा. आणि नुसता पाळणा बघून परत फिरू नका.”

नारायणगावला महामार्ग सोडून पश्चिमेला वळलं की सह्याद्री जवळ येऊ लागतो. जुन्नर गाव कुकडीच्या काठी, आणि त्याच्या डोक्यावर शिवनेरी. हे गाव फार जुनं. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून वर येणारा माल याच बाजारात उतरत असे, आणि भोवतालच्या डोंगरांत कोरलेली बौद्ध लेणी त्या व्यापाराच्या पैशावर उभी राहिली. पण मला हवा होता तो सतरावं शतक उजाडतानाचा जुन्नर.

१६०० हे साल दोन्ही देशांत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही मोडकळीस आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानात सेकिगाहाराची लढाई झाली आणि तोकुगावा इएयासूने बाकीच्या सरदारांवर मात केली. तिकडे सरदारांच्या शंभर वर्षांच्या आपसांतल्या लढायांचा शेवट जवळ आला. इकडे तशा लढायांना नवी सुरुवात झाली. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेल्या मलिक अंबरने निजामशाहीचा एक वारस गादीवर बसवला आणि काही काळ याच जुन्नरला राजधानी केली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे दख्खनभर नावाजली गेली. जपानात इएयासूच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी यानेही थोड्याच वर्षांपूर्वी गावोगावची जमीन मोजून घेतली होती. ज्याला सरदार हाताशी ठेवायचे आहेत, त्याला आधी शेतात किती पिकतं ते कळावं लागतं, हे दोघांनाही उमगलं होतं.

शिवनेरीची वाट एकामागून एक सात दरवाजे ओलांडत चढते. दरवाज्यांच्या मधल्या वळणांवर उभं राहिलं की शत्रूला इथे किती अडवता येत असेल ते पायांना कळतं. वर शिवाई देवीचं देऊळ आहे, गंगा-जमुना नावाची थंड पाण्याची टाकी आहेत, बदामी तलाव आहे आणि पाळणा ठेवलेली जन्मस्थानाची इमारत आहे. तिथे लोक पायताण काढून आत जातात. शाळेची मुलं रांगेत उभी होती. एक लहान मुलगी आईला विचारत होती, “इथेच का गं जन्मले महाराज? त्यांचं घर तर पुण्याला ना?”

मुलीचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर म्हणजेच त्या काळच्या सरदाराचं आयुष्य. भोसल्यांची जहागीर पुणे-सुप्याची. पण जहागीर म्हणजे मालकीची जमीन नव्हे. सुलतानाने मेहेरबानीने तोडून दिलेलं उत्पन्न, आणि त्या बदल्यात ठराविक घोडदळ घेऊन तो हाक मारील तिथे हजर राहण्याचं बंधन. मर्जी फिरली की सगळं फिरे. २५ जुलै १६२९ रोजी जिजाबाईंचे वडील, सिंदखेडचे लखुजी जाधव, दौलताबादेस निजामशहाच्या दरबारी मुजऱ्याला गेले आणि तिथेच मुलांसह मारले गेले. निजामशाहीतला एवढा मोठा सरदार! पुढच्या सात महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, त्यांच्या लेकीने या गडावर शिवरायांना जन्म दिला. शहाजीराजांनी त्या वर्षांत निजामशाही सोडली, मोगलांकडे गेले, परत फिरले. त्याच धामधुमीत आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून बेचिराख केलं आणि जहागिरीचं गावच उरलं नाही. गरोदर जिजाबाईंना ठेवायला त्या मुलखात हक्काची सुरक्षित जागा म्हणून विश्वासरावांच्या ताब्यातला हा गडच उरला होता. विश्वासराव भोसल्यांचे व्याही होते.

आबांनी सांगितलं होतं म्हणून पाळण्यापाशी न थांबता मी अंबरखान्याकडे गेलो. गडावरचं हे धान्याचं कोठार. पडझड झालेली, पण अजून भक्कम वाटणारी दगडी वास्तू. आत अंधार, गारवा आणि वटवाघळांचा वास. पर्यटक इथे फार रेंगाळत नाहीत. मला मात्र गडाचा खरा अर्थ इथे सापडला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य १६७० च्या दशकात मुंबईहून जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे उपचारासाठी आला होता. तो गडावर चढला आणि हजार कुटुंबांना सात वर्षांचा वेढा सोसता येईल एवढी बेगमी इथे आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली. ज्या गडाच्या कोठारात सात वर्षांचं धान्य, त्याच्या किल्लेदाराला पायथ्याच्या फौजेची भीती कशाला? शिवरायांनी १६५७ मध्ये एका रात्री शिड्या लावून जुन्नर शहर लुटलं. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. पण स्वतःचा जन्मगड त्यांना हयातीत घेता आला नाही. त्यात या काळोख्या कोठाराचा वाटा मोठा आहे.

जपानी सरदारांचा प्रश्नही असाच होता. ज्याच्याकडे तांदूळ, त्याच्याकडे सैनिक. ज्याच्याकडे सैनिक आणि किल्ला, तो कधीही उलटेल. तोकुगावांनी यावर जो उपाय शोधला तो विलक्षण होता. १६१५ मध्ये हुकूम निघाला की प्रत्येक सरदाराने आपल्या मुलखात एकच किल्ला ठेवावा, बाकीचे पाडावेत. मग १६३५ मध्ये नियम झाला की सरदाराने आलटूनपालटून एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शोगुनच्या, म्हणजे तोकुगावा सत्ताधीशाच्या, डोळ्यांसमोर राहावं. बायको आणि वारस मुलगा कायम एदोतच. कानाझावाहून एदो साधारण पावणेपाचशे किलोमीटर. मायेदांचा सरदार निघे तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसं बरोबर असत: भालाईत, मोलकरी, पेट्या वाहणारे, घोडे, पालख्या. बारा-तेरा दिवसांचा प्रवास. वाटेतल्या मुक्कामांची नावं ठरलेली, खर्च डोळे फिरवणारा. मुलखातल्या तांदळाचा मोठा भाग या येण्याजाण्यात आणि एदोतल्या वाड्यांत खर्ची पडे. उरलेल्या वेळात सरदार चहाचा विधी, नो नाट्य, बाज पक्षी सोडून केलेली शिकार यांत रमे. महिन्याच्या ठराविक दिवशी शोगुनच्या वाड्यात हजेरी. कोण कुठल्या दालनात बसणार तेही ठरलेलं. अडीचशेहून अधिक सरदारांना तोकुगावांनी अडीच शतकं असं गुंतवून ठेवलं. त्यातून शांतता आली, रस्ते झाले, शहरं वाढली. बोजा मात्र शेतकऱ्याच्या कोकूवरच पडला.

अंबरखान्यापुढच्या ओट्यावर बसून मी विचार करत होतो: याच गडावर जन्मलेल्या मुलाने पुढे याच प्रश्नाला दिलेलं उत्तर किती वेगळं होतं! शिवरायांनी सरदारांना गुंतवून ठेवलं नाही. त्यांनी सरदारकीचा पायाच काढून घेतला. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये राजाराम महाराजांसाठी जिंजीला लिहिलेल्या बखरीत हे सविस्तर येतं. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी गावोगाव वाडे, कोट आणि हुडे, म्हणजे बुरूज, बांधून, प्यादे-बंदुकी ठेवून रयतेला नागवत होते. महाराजांनी त्यांचे हुडे पाडले आणि साधी घरं बांधून राहा, असं सांगितलं. सारावसुली सरकारी कारकुनांकडे गेली. लष्कराला जहागिरी तोडून न देता रोख वेतन मिळू लागलं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी उतरंड बांधली. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे, म्हणजे एकाच्या मनात आलं तरी गड विकता येऊ नये. ज्याला सात वर्षांच्या धान्याचं मोल ठाऊक होतं, तोच एवढी खबरदारी घेणार.

हे उत्तर पोथीतून आलेलं नव्हतं. आजोबांचा दरबारातला खून, वडिलांची धावपळ, जळालेली जहागीर, परक्याच्या गडावरचं बाळंतपण, या सगळ्यातून ते आलं. जहागीरदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने जहागिरीच नकोत असं म्हणावं, याला केवढं धैर्य लागतं! लग्नाचे संबंध, नात्यागोत्याचा मान, सगळं तिथेच तर गुंतलेलं असतं.

गड उतरून जुन्नरच्या बाजारात जेवलो आणि परत कळंबला आलो. संध्याकाळी ओसरीवर आबांना अंबरखान्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “मग आता वाफगावही बघा. एक गोष्ट अर्धी बघितली तर ती खोटी होते.” दुसऱ्या दिवशी मी दक्षिणेकडे निघालो. खेड तालुक्याचा पूर्व भाग म्हणजे कमी पावसाचा, मोकळ्या माळांचा. महामार्ग सोडून आत गेलं की गर्दी संपते. वाफगावात होळकरांचा भुईकोट आहे. गावातल्या घरांमागून अचानक बुरूज दिसू लागतात, मग भव्य दरवाजा, मग आतला विस्तार. डोंगरावरच्या गडाचा कणखरपणा इथे नाही. सपाट जमिनीवर उभं राहून आपलं मोठेपण दाखवणारी ही वास्तू आहे. कानाझावाचे तट मला इथे प्रकर्षाने आठवले.

शिवरायांनी जे मोडलं ते परत कसं आलं, हे वाफगाव सांगतं. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना रिकामा, मुलूख मोगलांच्या टाचेखाली. अशा वेळी लढणाऱ्याला रोख वेतन कुठून देणार? जो मुलूख सोडवील त्याला त्या मुलखातलं वतन, सरंजाम, असं वचन देणं भाग पडलं. त्या वचनांवर मराठे औरंगजेबाला पुरून उरले, हे विसरता येत नाही. पण १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि वसुलीची विभागणी झाली, तेव्हा सरंजाम ही कायमची घडी होऊन बसली. नीरेकाठच्या होळ गावच्या साध्या घरातला मल्हारराव होळकर माळव्याचा धनी झाला. शिंदे, पवार, आणि याच खेड तालुक्यातल्या दावडीचे गायकवाड, असेच मोठे झाले.

या सरदाराचं आयुष्य दाइम्योसारखं नव्हतं. त्याला गडात बसून बाग फुलवायला सवड नव्हती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून लष्कर बाहेर पडे, मुलूखगिरी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, मग छावणी. घर म्हणजे तंबू. किती स्वार, कोणत्या प्रतीचे घोडे, त्यांच्यासाठी कोणत्या महालांचं उत्पन्न, हे सगळं पेशव्यांच्या तैनात जाबत्यात लिहिलेलं. सरदाराच्याच पदरी हुजुरातून, म्हणजे पेशव्यांकडून, नेमलेले दिवाण, फडणीस, मुजुमदार. त्याच्या हिशेबावर त्यांची नजर. महाल दूर, वसूल उशिरा, आणि शिबंदीचा तगादा रोजचा; म्हणून सावकार कायम उंबऱ्याशी. लढाई जिंकली तरी घोडे मेले तर सरदार बुडे. बाहेरून दिसणारा थाट आणि आतली ओढाताण, यांत हा माणूस अखंड भरडला जाई.

या वाफगावात ३ डिसेंबर १७७६ रोजी यशवंतराव होळकरांचा जन्म झाला. तुकोजी होळकरांचे ते पुत्र. वारसाच्या भांडणात १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, ठार केलं. १८०१ मध्ये दुसरा भाऊ विठोजी याला पेशव्यांनी हत्तीच्या पायी देवविलं. यशवंतरावांनी शून्यातून फौज उभी केली आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून बसला. पुढे १८०५ पर्यंत यशवंतराव इंग्रजांशी ज्या त्वेषाने लढले, त्याला तोड नाही. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या व्यवस्थेत भावाचा खून झाल्यावर न्याय मागायला स्वतःच्या फौजेखेरीज दुसरी जागाच नाही, दोष त्या व्यवस्थेचा. शिंद्यांची फौज शिंद्यांची, होळकरांची होळकरांची. राज्याची म्हणावी अशी फौज उरलीच नव्हती. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाने नेमकी हीच भीती ओळखली होती.

दाइम्यो १८७१ मध्ये संपले. सम्राट मेजींच्या नव्या सरकारने प्रांत खालसा केले, सरदारांना निवृत्तिवेतन दिलं आणि देश एका कारभाराखाली आणला. आपल्याकडचे उरलेसुरले सरंजाम स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, सरकारजमा झाले. स्वातंत्र्यापर्यंत सरंजामांवरचा हक्क परक्यांनी ठरवला, हा फरक मोठा आहे. सरदारांचा प्रश्न आपला आपण सोडवला तर देश उभा राहतो. तो दुसऱ्याने सोडवला तर देश जातो.

वाफगावच्या कोटात अनेक वर्षं रयत शिक्षण संस्थेची शाळा भरली. या संस्थेची सुरुवात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये केली, आणि तिच्या वसतिगृहांतली मुलं जेवली ती घराघरांतून जमलेल्या मूठमूठ धान्यावर. मला या प्रवासातलं सर्वांत मोठं समाधान इथे मिळालं. शेतकऱ्याच्या घरचा दाणा शतकानुशतकं अंबरखान्यात, पेवात, कोकूच्या मापात गेला आणि त्यातून तट, बुरूज नि फौजा उभ्या राहिल्या. तोच दाणा एकदा शेतकऱ्याने आपल्या हाताने मुलांच्या ताटासाठी दिला, आणि त्यातून शाळा उभ्या राहिल्या. होळकरांच्या या वास्तूची डागडुजी नीट, जाणकारांच्या हातून व्हायला हवी, आणि इथे येणाऱ्या प्रत्येक मुलाला यशवंतरावांच्या पराक्रमाबरोबर हेही सांगायला हवं की सरदार कुणाच्या धान्यावर मोठे झाले. शिवनेरीवर जन्मस्थानाएवढाच वेळ अंबरखान्यालाही द्यायला हवा. शिवरायांची राजनीती समजून घ्यायची असेल, तर तिची सुरुवात त्या कोठारात आहे.